एका मासिकाचा शेवटचा अंक

मासिक बंद पडणें म्हणजे काय, हें मराठी वाचकास समजावून सांगावयास नको. वर्गणी थकते, कागद महागतो, संपादकहि थकतो, आणि एके दिवशीं टपालवाला दारावरून तसाच पुढें निघून जातो. परंतु अमेरिकेंत २००७ सालीं जीं दोन मासिकें बंद झालीं, त्यांची हकीकत कांहींशी निराळी आहे. तेथें वाचक होते, लेखक होते, छापणारेहि तयार होते. नव्हती ती फक्त नांव वापरण्याची परवानगी. त्या वर्षीं १९ एप्रिल रोजीं असें जाहीर झालें कीं, 'ड्रॅगन' या मासिकाचा ३५९ वा अंक व त्याचें धाकटें भावंड 'डंजन' याचा १५० वा अंक, दोन्ही सप्टेंबर महिन्याचे, हे अखेरचे छापील अंक होत. इतक्या महिन्यांची आगाऊ सूचना देऊन येणारे मृत्यु थोडे. त्या अवधींत वाचक काय म्हणाले, आणि त्यांचें नेमकें काय हरवलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्यांस या खेळाची ओळख नाहीं, त्यांच्यासाठीं प्रथम थोडें सांगणें अवश्य आहे. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा एक खेळ प्रसिद्ध झाला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार. आपल्या सारीपाटांत पट असतो, सोंगट्या असतात, एकाची जीत व दुसऱ्याची हार असते. या खेळांत पट असेलच असें नाहीं, आणि एकमेकांस हरविणें हा तर त्याचा हेतूच नव्हे. चार-पांच मंडळी टेबलाभोंवतीं बसतात. प्रत्येकानें एक सोंग घेतलेलें असतें. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एकजण सूत्रधार; त्यास 'डंजन मास्टर' म्हणतात. सूत्रधार सांगतो, "समोर दगडी जिना आहे, खालून पाण्याचा आवाज येतो आहे, आतां काय करणार?" मंडळी आपसांत विचार करून उत्तर देतात, आणि योजलेली गोष्ट साधेल कीं फसेल, तें फांसे ठरवितात. त्यांतील मुख्य फांशाला वीस बाजू असतात. अशी एकच कथा आठवड्यामागून आठवडे, कधीं कधीं वर्षानुवर्षें चालते. कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हां श्रोत्यांपैकीं कोणास मध्येंच उठून "अर्जुनानें बाण सोडूं नये" असें म्हणतां येत नाहीं. येथें तेंच म्हणावयाचें असतें.

आतां अशा खेळास मासिक कशाला हवें? नियमांचें पुस्तक एकदां घेतलें कीं काम झालें, असें वरवर वाटेल. परंतु सूत्रधाराची स्थिति घरच्या सुगरणीसारखी असते. पाकशास्त्राचें पुस्तक फळीवर असलें तरी दररोज पानांत काय वाढावें, हा प्रश्न सुटत नाहीं. दर आठवड्यास नवा किल्ला, नवा शत्रु, नवें कोडें घेऊन यावें लागतें, आणि पुढें बसलेली मंडळी जुन्या मालास ताबडतोब ओळखतात. ही भूक जाणून विस्कॉन्सिन प्रांतांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवच्या टी. एस. आर. कंपनीनें जून १९७६ मध्यें 'ड्रॅगन'चा पहिला अंक काढला. टिम कास्क हे पहिले संपादक. पुढें १९८६ सालीं 'डंजन' निघालें. त्यांत खेळावयास घेतां येतील अशीं तयार कथानकें, नकाशांसह, येऊं लागलीं.

'ड्रॅगन'मधील सदरांची नुसती नांवनिशी वाचली तरी त्या जगाची मौज कळते. नियमांवरून टेबलावर भांडण झालें म्हणजे निवाडा कोणी करावा? त्यासाठीं १९७९ पासून शंकासमाधानाचें सदर होतें, आणि त्याचा शब्द धर्मशास्त्राच्या वचनाप्रमाणें एकमेकांच्या तोंडावर फेंकला जाई. दुसरी एक लेखमाला १९८३ सालीं सुरू झाली. तींत काल्पनिक प्राण्यांचें सृष्टिशास्त्र असे. गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या दगडी सुळक्यासारखा दिसणारा आणि खालून जाणाऱ्यावर अचानक कोसळणारा एक प्राणी या खेळांत आहे. हा प्राणी जगतो कसा, खातो काय, एकदां खालीं पडल्यावर पुन्हा वर कसा जातो, याचें विवेचन एखाद्या प्राणिशास्त्राच्या अध्यापकास शोभेल इतक्या गंभीरपणें केलेलें आढळतें. जें मुळांतच नाहीं त्याच्याविषयीं इतकी काळजीपूर्वक चौकशी करणें, यांत विनोद आहे खरा. परंतु शिस्तहि आहे.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या मासिकांत वाचक आणि लेखक यांच्यामधील भिंत फार पातळ होती. कॅनडांतील एड ग्रीनवुड हे ग्रंथालयांत काम करणारे गृहस्थ. त्यांनीं लहानपणापासून एक काल्पनिक भूमि मनांत वसविलेली होती. १९७९ पासून त्यांचे लेख 'ड्रॅगन'मध्यें येऊं लागले, आणि १९८७ सालीं तीच भूमि 'फरगॉटन रेल्म्स' या नांवानें कंपनीनें स्वतंत्र प्रसिद्ध केली. क्रिस पर्किन्स यांचें कथानक १९८८ सालीं 'डंजन'च्या ११ व्या अंकांत छापून आलें. पुढें तेच त्या नियतकालिकाचे संपादक झाले. अशीं उदाहरणें आणखीहि देतां येतील. एखाद्या आडगांवांतील तरुण आपल्या चार मित्रांसाठीं रचलेली कथा टपालानें पाठवी. ती परत येई, पुन्हा सुधारून जाई, आणि एखादे वेळीं छापूनहि येई. पुष्कळांचें लिखाण परत येई म्हणूनच छापून येण्यास किंमत होती.

वाचकांचा जीव अशा मासिकांत किती गुंततो, हें पाहावयाचें तर डेव्हिड ट्रॅम्पियर यांच्या 'वर्मी' या चित्रमालिकेची हकीकत पाहावी. वर्मी हा चिरूट ओढणारा, जुगाराचा नाद असलेला एक ड्रॅगन. १९८८ सालीं ही मालिका ऐन कथेच्या मध्यें एकाएकीं थांबली. चित्रकारानें काम सोडलें, व पुढें त्याचा ठावठिकाणाहि लागेना. वाचक विचारीत राहिले. चौदा वर्षांनीं, २००२ सालीं, इलिनॉय प्रांतांतील एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांत तेथील टॅक्सी चालविणाऱ्या एका गृहस्थाविषयीं लेख आला, आणि जुन्या वाचकांनीं नांव व छायाचित्र ओळखलें. ट्रॅम्पियर २०१४ सालीं वारले. मालिका अपुरीच राहिली. एक चित्रमालिका मध्येंच तुटल्याची खंत ज्यांनीं इतकीं वर्षें बाळगली, त्यांच्यापुढें सबंध मासिकच जाण्याची वेळ २००७ सालीं आली.

मालकीची कथा थोडक्यांत अशी. टी. एस. आर. कंपनी कर्जांत बुडाली. १९९७ च्या पूर्वार्धांत कांहीं महिने 'ड्रॅगन'चा अंकच निघाला नाहीं. त्याच वर्षीं 'विझर्ड्स ऑफ दि कोस्ट' या कंपनीनें ती विकत घेतली, आणि १९९९ सालीं या कंपनीस खेळणीं करणाऱ्या 'हॅस्ब्रो'नें घेतलें. २००२ सालीं दोन्ही मासिकें 'पायझो' नांवाच्या नव्या प्रकाशनसंस्थेकडे परवान्यानें आलीं. म्हणजे संपादन पायझोचें, छपाई पायझोची, वर्गणीदारांची यादी पायझोची. नांव मात्र विझर्ड्सचें. कुळानें शेत कसावें आणि सातबारा दुसऱ्याच्या नांवें असावा, तशांतलाच हा प्रकार. पीक उत्तम येत होतें. परवान्याची मुदत संपली आणि मालकानें ती वाढविली नाहीं. कारण असें सांगण्यांत आलें कीं, या प्रकारची माहिती लोक आतां इंटरनेटवर शोधतात, तेव्हां यापुढें ती तेथेंच देण्यांत येईल.

ही बातमी फुटतांच वाचकांत जें वादळ उठलें, त्यांत सर्व प्रकारचे सूर होते. कित्येकांनीं या कंपनीचें एकहि पुस्तक यापुढें घेणार नाहीं अशी शपथ घेतली. कित्येकांनीं आपला पहिला अंक कोणता, तो कोणत्या दुकानीं मिळाला, त्या वेळीं आपण कोणत्या इयत्तेंत होतों, याच्या आठवणी काढल्या. ज्यांचें लिखाण संपादकांकडे पडून होतें, ते हवालदिल झाले. थोडे असेहि होते कीं, ज्यांनीं खांदे उडवून सांगितलें, हें मासिक आमच्या लेखीं केव्हांच संपलें होतें. हवें तें इंटरनेटवर फुकट मिळतें, त्याकरितां पैसे कां मोजावे? आणि ज्यांनीं कित्येक वर्षांत एकहि अंक विकत घेतला नव्हता, अशांचाहि गळा दाटून आला. हें कोणास हंसण्यासारखें वाटेल. परंतु आपली जुनी शाळा पाडतात असें कळल्यावर ज्यास वाईट वाटतें, तो कांहीं पुन्हा तेथें शिकावयास जाणार नसतो. ती तेथें आहे एवढेंच त्यास पुरेसें असतें.

न्यायानें पाहिलें तर कंपनीचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. कागद व टपाल यांचा खर्च वाढता होता, आणि वाचकांची नजर कागदावरून पडद्याकडे वळत होती, हें कोणासहि दिसत होतें. चूक होती ती 'माहिती' या शब्दांत. माहिती हवी तेव्हां मनुष्य ती शोधतो व सांपडली कीं उठून जातो. मासिकाचा वाचक शोधावयास येत नाहीं. त्याच्या हातीं जें येतें तें तो वाचतो, आणि जें शोधण्याचें त्याच्या स्वप्नींहि आलें नसतें, तेंच पुष्कळदां त्याच्या उपयोगीं पडतें. दुसरें असें कीं, हा खेळ लहान लहान टोळक्यांनीं, बंद खोल्यांतून खेळावयाचा. एका टेबलास दुसऱ्या टेबलाचा पत्ता नसतो. एकच अंक एकाच महिन्यांत या सर्व टेबलांवर येऊन पडे, आणि शेंकडों कोस दूर असलेलीं अनोळखी माणसें एकाच पानावरून वाद घालीत. छापील अंक गेला तेव्हां हा धागा तुटला. नियमांचा तपशील दुसरीकडे मिळाला असता. आपल्यासारखे आणखी आहेत, ही महिन्याची खात्री कोठून मिळणार?

पायझोच्या मंडळींनीं शेवटचे अंक रडत-कुढत काढले नाहींत. 'ड्रॅगन'च्या ३५९ व्या अंकांत या खेळाच्या इतिहासांतील वीस नामांकित खलपुरुषांची यादी आहे. संख्या वीसच कां, हें फांसा ठाऊक असलेल्यास सांगावें लागत नाहीं. ज्यांची वर्गणी शिल्लक होती, त्यांस पैसे परत घ्यावे किंवा त्या रकमेंत दुसरें कांहीं घ्यावें, असे पर्याय देण्यांत आले. त्यांतील एक पर्याय म्हणजे पायझोचें नवें मासिक प्रकाशन 'पाथफाइंडर'. त्याचा पहिला भाग ऑगस्ट २००७ मध्यें, इंडियानापोलिस येथील 'जेन कॉन' या खेळाडूंच्या वार्षिक मेळाव्याच्या सुमारास निघाला. त्याच मेळाव्यांत १६ ऑगस्ट रोजीं विझर्ड्सनें मूळ खेळाची चौथी आवृत्ति येणार असल्याचें जाहीर केलें. जुन्या मासिकाचा वियोग, नव्याचा जन्म आणि नियमांतील क्रांति असे तीन सोहळे एकाच महिन्यांत आले. पुढें २००९ सालीं पाथफाइंडर हा स्वतंत्र खेळच झाला, व मूळ कंपनीचा तो मोठा प्रतिस्पर्धी ठरला. सातबारा गेला तरी कूळ शेती विसरलें नव्हतें.

वोल्फगांग बाउर हे एके काळीं या दोन्ही मासिकांचे संपादक होते. त्यांनीं त्याच उन्हाळ्यांत स्वतःचें त्रैमासिक सुरू केलें, आणि नांव ठेवलें 'कोबोल्ड क्वार्टर्ली'. कोबोल्ड हा या खेळांतील अगदीं क्षुद्र राक्षस. पहिल्या पायरीवरचा खेळाडूहि त्यास लोळवितो. ड्रॅगन गेला, आतां कोबोल्डावर भागवा, असा हा हंसरा शोक होता. तें त्रैमासिक २०१२ पर्यंत चाललें.

इंटरनेटवर नेलेलीं 'ड्रॅगन' व 'डंजन' पुढें वर्गणीदारांपुरतीं झालीं, आणि डिसेंबर २०१३ मध्यें थांबलीं. 'ड्रॅगन प्लस' या नांवानें २०१५ सालीं झालेला नवा प्रयत्नहि २०२२ सालीं आटोपला. १९७६ पासूनचे कागदी अंक मात्र जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून अजून हातोहात फिरतात.

'डंजन'च्या शेवटच्या अंकाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. 'सॅव्हेज टाइड' नांवाचें बारा भागांचें एक दीर्घ कथानक १३९ व्या अंकापासून चालू होतें. प्रवासी एका बंदरांतून निघतात, समुद्रमार्गें एका भयंकर बेटावर पोंचतात, आणि अखेरीस राक्षसांचा राजा डेमोगॉर्गन याच्याशीं सामना देतात. तो सामना १५० व्या अंकांत छापला गेला, म्हणजे कथा पुरी झाली. वर्मीसारखी लोंबकळत राहिली नाहीं. परंतु हे बारा भाग बारा महिन्यांत वाचून होतात, खेळून होत नाहींत. आठवड्यांतून एकदां जमणाऱ्या मंडळींस त्याला सहज दोन-तीन वर्षें लागावीं. शिवाय हा अंक वाचण्याचा अधिकार फक्त सूत्रधाराचा. इतरांनीं पाहिला तर खेळच संपला. त्यामुळें सप्टेंबर २००७ मध्यें शेवटचा अंक आला तेव्हां अनेक घरीं सूत्रधारानें तो एकट्यानें वाचला, कपाटांत ठेवून दिला, आणि पुढच्या बैठकीस पुन्हा टेबलावर येऊन बसला. मंडळींचें जहाज अजून पहिल्या बंदरापासून फार दूर गेलेलें नव्हतें.