आकाशाची पाणीवाटणी



गाढवी नदीवरील इटियाडोह धरण १९७० साली पुरे झाले. त्याच्या कालव्यावर धान पिकविणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही : वरच्याने पाणी हवे तेवढे घेतले, की शेपटाकडची बांधी कोरडी राहते. आज आम्ही बिनतारी जाळ्यांविषयी बोलणार आहोत. पण विषयाचे मर्म याच कालव्यावर सापडते.

जंगलपट्टीत एका उंच मनोऱ्याची हाक झाडीत विरते. तेथे थोड्या थोड्या अंतरावर लहान यंत्रे ठेवावीत आणि एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप पोचवावा, हे झाले जाळे. धरणाची पातळी खालच्या गावांना अशा रीतीने कळविता येईल. पालघर जिल्ह्यातील काही गावांत मुंबईच्या आय.आय.टी.ने दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखविले आहे.

कोणी विचारील, एकच यंत्र जोरकस का करू नये? मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट करावयाचे तर शक्ती चौपट लागते. झाडीत त्याहून अधिक. शिवाय मोठ्याने बोलणाऱ्याचा आवाज नको त्यांच्याही कानी पडतो, आणि तो थांबेपर्यंत त्या साऱ्यांना गप्प बसावे लागते. एकाचा जोर तो दहांचा खोळंबा.

म्हणून मर्यादा हवी. सरकारने २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्यावाचून खुला केला तो अटींवर : प्रक्षेपकाची शक्ती फार तर १ वॉट, एरियलमधून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती ४ वॉट, आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झ. म्हणजे जेमतेम दहा खोल्यांची ही धर्मशाळा. २०२१ मध्ये ती ८६८ पर्यंत वाढली.

या खोल्यांत गर्दी झाली तर? तेव्हा उपयोगी पडते ती लहरींची उडी. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही आधी ठरलेल्या क्रमाने खोली बदलीत जातात. हेडी लमार ही नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी १९४२ साली अशा युक्तीचे पेटंट मिळविले. पाणतीराला दिलेली आज्ञा शत्रूला अडविता येऊ नये, हा त्यांचा हेतू होता. पियानोच्या पट्ट्यांइतक्या ८८ लहरी त्यांनी योजिल्या होत्या. पुढे ब्लूटूथने ७९ लहरींवर सेकंदाला १६०० उड्या मारण्याची रीत घालून दिली. एखादी खोली गोंगाटाची निघाली, तरी तेवढाच तुकडा बुडतो. तो पुन्हा पाठविता येतो.

परंतु उडी मारल्याने खोल्या वाढत नाहीत. ती नुकसान वाटून घेते, नाहीसे करीत नाही. यंत्रे फार झाली, की उडणारेही एकमेकांवर आदळतात. अशा वेळी शक्ती वाढविण्याचा मोह होतो. शेजारीही वाढवितो, आणि शेवटी कोणाचेच ऐकू येत नाही. ऐन पुराच्या रात्री हे घडले, तर खालच्या गावाने काय करावे?

कालव्यावर निदान पाटकरी तरी असतो. आकाशाच्या बांधावर प्रत्येकाला स्वतःच पाटकरी व्हावे लागते. एक वॉटात आपले काम भागविणारा माणूस शेजाऱ्याचाही निरोप पोचवीत असतो, एवढे ध्यानी ठेवावे, ही आमची विनंती.