वसंत आणि १२५ ग्रॅम पाव



वसंत म्हटला की पांढरपेशा साहित्यिकाला कोकिळा आठवते, मोहर आठवतो. पोट भरलेलं असलं की आठवतंच. मी आज एका उपाशी शहराच्या वसंताबद्दल बोलणार आहे. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडचा पवाडा लिहिला. त्याच युद्धातलं हे दुसरं शहर, लेनिनग्राड.

८ सप्टेंबर १९४१ ला हिटलरच्या फौजांनी त्याचे जमिनीवरचे रस्ते तोडले. शहर उपाशी मारायचं होतं. ही भूक आभाळातून पडली नाही, ती कागदावर आखली गेली. हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० च्याही खाली. नळ गोठले, दिवे गेले, ट्राम रस्त्यातच थिजल्या. नोव्हेंबरअखेर कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम पाव, पोराबाळांना १२५. त्यातही लाकडाचा लगदा. पोरांच्या घसरगाड्यांवरून मढी वाहिली लोकांनी.

आता नीट ऐका. त्याच शहरात एका संस्थेत देशोदेशीचं बियाणं जपलेलं होतं. ते राखणारी माणसं भुकेनं मेली. दिमित्री इवानोव तांदळाच्या हजारो पाकिटांजवळ मेला. बियाणं खाल्लं नाही. का? ते उद्या पेरायचं होतं. आणि हा साठा जमवणारा निकोलाय वाविलोव? तो स्वतःच्याच सरकारच्या तुरुंगात होता. १९४३ साली तिथंच मेला. हेही सांगितलंच पाहिजे. दुश्मनानं आणलेला हिवाळा तेवढा दाखवायचा आणि आपल्यांनी आणलेला झाकायचा, हे मला जमणार नाही.

मार्च १९४२. अंगात त्राण नसलेल्या बाया कुदळी-फावडी घेऊन रस्त्यावर आल्या. हिवाळाभर साचलेला बर्फ, घाण, प्रेतं, सगळं उपसलं. १५ एप्रिलला ट्राम पुन्हा धावली. बर्फाखालून निघालेला पाला लोकांनी उकडून खाल्ला. सेंट आयझॅक चर्चपुढच्या चौकात कोबी लावला. कोकिळेची चौकशी कुणी केली नाही. वेढा पुरता उठायला मात्र २७ जानेवारी १९४४ उजाडलं.

आपल्याला कायम सांगितलं जातं, धीर धरा, दिवस पालटतील. सांगणाऱ्याच्या घरात चूल पेटलेली असते. लेनिनग्राडच्या बायांनीही वसंताची वाट बघितली, पण हातात फावडं घेऊन. आपणही बघू. बी मात्र राखून ठेवा, दोस्तहो. कितीही भूक लागली तरी ते विकायचं नाही.