मालमोटारीच्या आडोशाने

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर काही मोटारचालक इंधनाच्या काटकसरीसाठी आपली गाडी एखाद्या अवजड मालमोटारीच्या अगदी पाठीशी लावून चालवितात, आणि ही युक्ती शास्त्रदृष्ट्या निराधार आहे असे मात्र म्हणवत नाही. भरधाव गाडीची बरीचशी शक्ती समोरची हवा दूर सारण्यातच खर्ची पडते. ते काम मालमोटारीने आधीच उरकलेले असल्याने मागच्यास आयती वाट मिळते. १८९९ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर चार्ल्स मर्फी नामक सायकलपटूने धावत्या आगगाडीमागून, रुळांमध्ये मुद्दाम अंथरलेल्या फळ्यांवरून, एक मैल ५७.८ सेकंदांत काटला तो याच आडोशाच्या बळावर. परंतु फळ्या संपताच त्याला डब्यात ओढून घेण्यास माणसे सज्ज होती. आमच्या मोटारचालकाच्या दिमतीला कोण आहे? ज्याच्या मागे तो लागला आहे त्या ड्रायव्हरला तर, इतक्या जवळची गाडी आरशात दिसतच नसल्याने, या पाहुण्याची वार्ताही नसते.

अमेरिकेतील ‘मिथबस्टर्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने २००७ साली ताशी ५५ मैल वेगाने हा प्रयोग केला, तेव्हा शंभर फुटांवर ११, तर दहा फुटांवर ३९ टक्के बचत आढळली. मोह पडावा असाच हा आकडा! परंतु ताशी ८० किलोमीटर वेगाने दहा फूट ओलांडण्यास सेकंदाचा सातवा हिस्साही लागत नाही, आणि धोका ध्यानी येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद उलटतो. त्यातून, समोर मालमोटारीची फळी असल्यामुळे पुढचा रस्ता दिसत नाही. बंद पडलेले वाहन तिने ऐनवेळी चुकविले, की ते थेट मागच्याच्या पुढ्यात. आणि मालमोटारीवरच आदळण्याची वेळ आली, तर तिचा हौदा मोटारीच्या काचेच्या उंचीवर असल्याने बॉनेट खाली शिरते आणि आघात माणसांच्या मस्तकावर येतो.

वस्तुतः हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; सबब वेग ताशी १०० वरून ८० वर आणला, तर कोणाच्याही आडोशाला न जाता तो विरोध ३६ टक्क्यांनी घटतो. सुमारे ९४ किलोमीटरच्या या मार्गावर त्यापायी फार तर पंधरा मिनिटे अधिक लागतील, आणि बोरघाटात तर ताशी शंभरची मुभा मुळातच नाही.