आजारपण, अंतर आणि रेंज
(गणेशोत्सवातील भाषण)



आम्ही राज्य सरकारच्या नोकरीतली डिप्लोमावाली माणसं, डॉक्टर नव्हे. पण आपल्या जोयडा तालुक्यात आजारपण म्हणजे आधी अंतर, हे आम्हालाही ठाऊक आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात विखुरलेल्या वाड्या, आणि मोठा दवाखाना म्हटला की दांडेली, कारवार नाहीतर बेळगाव.

हे अंतर आता थोडं कमी होत आहे. २००२ साली इस्रोच्या उपग्रहामार्फत चामराजनगरचं जिल्हा रुग्णालय बेंगळुरूच्या हृदयतज्ज्ञांशी जोडलं गेलं. तेव्हा त्याला मोठी यंत्रणा लागे. आज खिशातला मोबाईल पुरतो. २००८ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, ई-संजीवनीची ओपीडी सुरू झाली. घरबसल्या डॉक्टरांशी मोफत बोलता येतं, औषधाची चिठ्ठी मोबाईलवर येते. मनाच्या दुखण्यासाठी २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे.

पण फोन पोट दाबून बघत नाही, इंजेक्शन देत नाही. साप चावला, छातीत कळ आली, बाळंतकळा सुरू झाल्या, तर व्हिडिओ कॉलवर वेळ घालवू नये, गाडीच हवी. आणि गाडी बोलवायलाही रेंज लागते! ती शोधत आपण चढावर जातो. भर पावसात वीज गेली की तीही जाते.

म्हणून फोन आणि आजारी माणूस यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. आशाताई ते काम करतातच, पण सगळा भार त्यांच्यावर नको. रेंज नक्की कुठे मिळते, रात्री कुणाची गाडी निघते, आशाताईंचा नंबर काय, हे कागदावर लिहून प्रत्येक घरात दारामागे चिकटवू या.

चवथीला पुण्याहून, गोव्याहून घरी आलेल्या मुलांना एक विनंती. परत जाण्यापूर्वी अर्धा तास आजी-आजोबांच्या फोनजवळ बसा. रक्तदाब-साखरेच्या गोळ्यांचे आणि जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो त्यात ठेवा. ई-संजीवनीवर नाव कसं नोंदवायचं ते शेजारच्या शाळकरी पोरालाही दाखवा. ओटीपी परक्याला सांगायचा नाही, हे पुन्हा पुन्हा बजावा.

आरतीला जसं घरोघरचं माणूस जमतं, तसं आजाऱ्यासाठीही जमावं, एवढंच मागणं.

गणपती बाप्पा मोरया!