तलवारीचे अंतर, बंदुकीचे अंतर

(भवानीनगर, ता. इंदापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्या गावाच्या नावात भवानी आहे, साखर कारखान्याच्या नावात छत्रपती आहेत आणि हा इंदापूर परगणा शहाजीराजांच्या जहागिरीतला. येथे तलवारीचा महिमा सांगण्याचे प्रयोजन नाही. तिच्या मर्यादेविषयी मात्र बोलले पाहिजे.

तलवार हातभर अंतरावर अजिंक्य, शंभर पावलांवर निरुपयोगी. तोड्याच्या बंदुकीचे नेमके उलट. एक बार झाला की दारू ठासून, गोळी घालून पुन्हा नेम धरेपर्यंत धावता मावळा अंगावर येई. पावसात तोडा विझे, अंधारात नेम चुके. हे गणित शिवरायांनी अचूक ओळखले होते. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत आषाढाचा पाऊस आणि अरुंद वाट बाजीप्रभूंच्या बाजूने लढली. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाएस्तेखानाचा प्रचंड तोफखाना लाल महालाच्या भिंतीबाहेरच राहिला. आत खानाची बोटे तुटली. ४ फेब्रुवारी १६७० ला तानाजीरावांनी सिंहगडाचा कडा रात्री चढून अंतरच पुसून टाकले. गनिमी कावा म्हणजे पळ नव्हे. शत्रूच्या शस्त्राला सोयीचे अंतर त्याला मिळू न देणे, हेच त्याचे मर्म.

पण म्हणून महाराजांनी बंदुकीला तुच्छ लेखले नाही. पन्हाळ्यावर राजापूरच्या इंग्रजांनी तोफा डागल्या, त्याचा हिशेब त्यांनी १६६१ मध्ये राजापुरात चुकता केला. आणि स्वतःच्या गडांवरही तोफा चढवल्या.

पुढे, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपतच्या सपाट मैदानावर ना खिंड होती, ना अंधार. सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या तोफा रोहिल्यांची फळी फोडत होत्या. अशा वेळी आपलेच काही घोडेस्वार गोल मोडून पुढे धावले. शौर्यात उणे काही नव्हते. परंतु आपली माणसे माऱ्याच्या आड आली, तोफा थबकल्या आणि ते स्वार रोहिल्यांच्या बंदुकांपुढे सापडले. दुपारी अब्दालीच्या उंटांवरील जंबुरक्यांनी उरलेले काम केले. विश्वासराव गोळी लागून पडले. एक पिढी कापली गेली.

शौर्याला शिस्त आणि शास्त्र यांची जोड नसेल, तर त्याची किंमत घराघरांतून मोजावी लागते. पुण्यात पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत विकसित झालेली 'पिनाक' प्रणाली १९९९ मध्ये कारगिलच्या रणात उतरली, तेव्हा पानिपतचा धडा आपण थोडाफार तरी गिरवला, असे म्हणता येईल.

खंडेनवमीला आपण शस्त्रे पूजतो. त्या दिवशी घरातील मुलांच्या हाती गणिताचे आणि विज्ञानाचे पुस्तकही द्या. खड्ग पेलणाऱ्या मनगटाइतकीच अंतर मोजणारी बुद्धीही पूजनीय आहे.