पक्षांतर आणि चिन्ह

आज फळ्यावर एकच गणित मांडतो. नाक्यावरचा एक मजूर धरा. बोली झाली रोज ६५० रुपयांची. सहा दिवस राबला. मुकादमानं ३०० रुपये उचल कापली, हातावर ३३०० टेकवले आणि म्हणाला, हिशेब चोख आहे. चोख आहे का? रोज प्रत्यक्षात किती पडला, ते ठाऊक नाही. त्याला क्ष म्हणू.

६क्ष − ३०० = ३३००

शाळेत आपल्याला मंत्र दिला : पक्षांतर केलं की चिन्ह बदलतं. हसू नका, पुढाऱ्यांचं नाही, बीजगणिताचं बोलतोय! −३०० पलीकडे गेले, +३०० झाले. का झाले? विचारलं की मास्तर म्हणायचे, नियम आहे. हे उत्तर आपल्या पिढ्यांनी पुष्कळ ऐकलंय.

खरं तर कुणी कुठं जात नाही. = म्हणजे तराजूची दांडी. एका पारड्यात घालाल तेच दुसऱ्यात घाला, दांडी हलणार नाही. इथं ३०० चा खड्डा आहे, तो भरा. दोन्हीकडे ३०० मिळवा : ६क्ष = ३६००. दोन्हीकडे ६ नं भागा : क्ष = ६००. ताळा करा : ६ × ६०० = ३६००, वजा ३००, उरले ३३००. जमलं. म्हणजे रोजचे ५० मारले, सहा दिवसांचे ३००.

नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीनं या खड्डा भरण्यालाच 'अल-जब्र' म्हटलं. वारसा, वाटणी, व्यापार यांचे हिशेब सोडवायला त्यानं ते पुस्तक लिहिलं. त्यावरूनच 'अल्जिब्रा' हा शब्द आला.

बॉब मोझेस हा हार्लेमचा काळा गणित-मास्तर. १९६१ साली मिसिसिपीत काळ्यांची मतदारनोंदणी करायला गेला. मार खाल्ला, तुरुंग पाहिला. त्यानंच १९८२ साली 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' काढला. मताइतकंच बीजगणितही हक्काचं, कारण ते न येणाऱ्याला पुढच्या शिक्षणाचं नि कामाचं दार बंद होतं, हे त्यानं २०२१ साली मरेपर्यंत मांडलं.

तेव्हा वस्तीतल्या पोरांना शिकवायला बसाल तर मंत्र देऊ नका, तराजू द्या. पोरगी 'का?' विचारेल. तिला पटेपर्यंत फळा पुसू नका. मग पुढचं गणित घाला : ५क्ष + २०० = ३४५०.

आणि ताळा तिलाच करू द्या.