जुन्या इंजिनाची ठकठक

बुऱ्हाणपूरहून खंडव्याकडे निघालं, की असीरगडाजवळ सातपुड्याचा चढ लागतो. लाख-दीड लाख किलोमीटर धावलेली गाडी तिथे ठकठक करू लागली, तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, थोडं थांबून ऑइलची पट्टी पाहा. ऑइलचा लाल दिवा पेटला असेल, तर गाडी पुढे नेऊच नका.

आवाज कधी येतो, ते ऐका. थंड इंजिनात येऊन नंतर विरला, तर बहुधा पिस्टन झिजलाय. वरून बारीक टिकटिक आली, तर टॅपेट. पेट्रोल गाडी चढावर खडखडली, तर इंधन अवेळी पेटतंय. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे गेला, की हे वाढतं.

खरा धोका खालून येणाऱ्या जड, खोल आवाजाचा. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, आणि कनेक्टिंग रॉडचं झिजलेलं बेअरिंग जास्तच ठोकू लागतं. जाणता मिस्त्री पेट्रोल इंजिनात एकेका सिलिंडरचं स्पार्किंग बंद करून बघतो. ज्याचं बंद केल्यावर आवाज दबतो, दोष तिथेच. अशा वेळी दाट ऑइल ओतून दिवस ढकलू नका. रॉड तुटला, तर ब्लॉकच फुटू शकतो; बेअरिंग वेळीच बदललं, तर क्रँकशाफ्टही वाचू शकतो.